दगडासारखा दिसणारा ओटा

नाना,

काल एका दुकानात मी तिथल्या विक्रेत्यावर इतकी ओरडले की गल्ल्यावरचे मालक उठून पुढे आले. खरं तर तो फार काही बोलला नव्हता. दिंडोलीत नवीन फ्लॅट घेतलाय आम्ही. त्याच्या स्वयंपाकघराच्या ओट्याला काय लावायचं ते बघायला मी मायला घेऊन गेले होते. अर्धा तास त्याने सगळं दाखवलं, गोड बोलला, थंड पाणी दिलं आणि शेवटी म्हणाला, "मॅडम, आप देख के रखो, फायनल तो सर आएंगे तब करेंगे." एवढंच. दिवसभर येणाऱ्या बायकांना तो हेच म्हणत असणार. मी त्याला विचारलं की ओट्यापाशी उभं कोण राहणार आहे, सर? पोळ्या सर लाटणार आहेत? घर माझ्या नावावर, हप्ता माझ्या पगारातून, आणि ओट्याचा दगड सर ठरवणार? बिचारा मागे सरकत भिंतीला टेकला. माय माझा पदर ओढत होती. रिक्षात बसल्यावर मला कळलं की त्या ओरडण्यातलं निम्मं तुमच्या वाट्याचं होतं. तुम्ही ते ऐकायला राहिला नाहीत, म्हणून कोणाच्या तरी अंगावर गेलं. आता लिहून काढते.

सुरतेत, उधन्याच्या आपल्या घरातलं जुनं स्वयंपाकघर तुम्हाला कितपत आठवत असेल कोण जाणे, तुम्ही तिथे यायचात ते ताटावर बसण्यापुरते. खाली शहाबादी फरशी, तीही कोपऱ्यात खचलेली. माय जमिनीवर बसून सगळं करायची. समोर शेगडी, डाव्या हाताला पिठाची परात, उजव्या हाताला भाकरीची दुरडी. लूमच्या खात्यांत, म्हणजे मागांच्या कारखान्यांत, राबणारी आपल्याकडची माणसं, कोणी शिरपूरचं, कोणी अमळनेरचं, दोन्ही वेळचा डबा तिच्याकडून न्यायची. पहाटेपासून ती भाकऱ्या थापायची, दुपारी डबे धुवायची, संध्याकाळी पुन्हा थापायची. उठताना भिंतीला हात लावून उठायची, आणि उठल्यावर जरा वेळ तशीच वाकलेली राहायची. तुमच्या कानावर तिने एकच गोष्ट घातली होती, तीही अनेकदा, मी ऐकलेली आहे. "माले एक मोठा दगड पायजे. उभं राहीसन काम करता यी असा. बाकी तुमले काय करनं ते करा." कोटा म्हणा, कडप्पा म्हणा, तिला नावाशी घेणं नव्हतं. तापलेला तवा उतरवून ठेवता यावा, पीठ मळता यावं, पाणी सांडलं तर फडकं फिरवून मोकळं व्हावं. पूर्ण लग्नात या बाईने तुमच्याकडे दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

मग चौऱ्याण्णवचं, प्लेगचं वर्ष आलं. सगळं उधना गावाकडे पळालं, तसे आपणही पळालो, आणि काही आठवड्यांनी परतलो तेव्हा तुम्ही निराळेच झाला होतात. पालिकेच्या गाड्या रोज कचरा उचलायला लागल्या, गटारं झाकली गेली, शहर घासून पुसून काढलं जात होतं, आणि तुम्ही घर घासायला घेतलंत. दारापाशी फिनेल, बाथरूमला पांढऱ्या टाइल्स. घरात अहिराणी बोलायची नाही असा तुमचा नवा कायदा. मी शाळेतलं मराठी बोलायचे, तुम्ही कारखान्यातलं गुजराती आणि पुस्तकातलं मराठी यांचं मिश्रण बोलायचात, आणि माय तुमच्यासमोर बोलेनाशीच झाली, कारण तिच्याकडे दुसरी भाषा नव्हती. मग एक दिवस तुम्ही जाहीर केलंत की आता स्वयंपाकघर मॉडर्न करायचं. मायच्या चेहऱ्यावर त्या क्षणी काय उमटलं ते मी पाहिलं. तिला वाटलं, दगड येणार.

दुकानात तुम्ही मला नेलंत. मी बारावीला होते, स्कूटरवर मागे बसले. निघताना मी म्हणाले होते, "नाना, मायला घ्या ना, तिलाच वापरायचाय." तुम्ही किक मारता मारता म्हणालात, "तिला काय कळतं त्यातलं?" माय दारातच उभी होती. तिने ऐकलं. ती आत गेली.

दुकानातले तुम्ही मला अजून दिसता, आणि इथे मी अडकते, कारण त्या दिवशी तुम्ही सुंदर दिसत होतात. पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये तुम्ही कलर मास्तर. स्वस्तातलं पॉलिस्टर रेशमासारखं दिसावं, छापलेली साडी बांधणीसारखी वाटावी, हे तुमचं काम, आणि त्यात तुमचा हात धरणारं कोणी नव्हतं. दुकानदाराने मायकाचे नमुने समोर मांडले. आपल्याकडे सुतार ज्याला मायका म्हणतात, फळीवर चिकटवायचा तो चकचकीत पत्रा. त्यात एक ग्रॅनाइटसारखा छापलेला होता. तुम्ही तो उजेडात नेलात, तिरका धरलात, माझ्यासमोर आणलात. "बघ, यात किती रंग आहेत. काळा दिसतो ना? काळा नाहीये. खाली निळा दिलाय, वर राखाडी, मध्येच गेरूचा ठिपका. छापणारा उस्ताद आहे." दुकानदार प्रामाणिक होता. तो म्हणाला, मास्तर, हा कपाटाच्या दारांना ठीक आहे, ओट्यावर खरा दगडच टाका, गरम भांड्याने हा फुगतो. तुम्ही हसलात. "दिसायला काय फरक आहे सांगा. जो फरक दिसत नाही तो नसतो." खरा ग्रॅनाइट परवडणार नव्हता हे मी समजू शकते. पण कडप्पा परवडत होता, नाना. कोटा परवडत होता. ते दोन्ही तुम्ही बघितलेही नाहीत, कारण ते गरिबांच्या घरातल्यासारखे दिसतात.

परतताना तुम्ही स्कूटर रसवंतीपाशी थांबवलीत आणि मला ते सांगितलंत. प्लेगनंतर कारखाना उघडला तेव्हा मॅनेजरसाहेब तुमच्या हातून रंगछटांचं शेडकार्ड घेईनात. टेबलावर ठेवा म्हणायचे, मग रुमालाने उचलायचे. एकदा सगळ्यांसमोर म्हणाले की तुमच्या खानदेशी वस्त्यांतूनच हे उंदीर आलेत. तुम्ही एवढी वर्षं त्यांच्या साड्यांना रंग चढवलेत आणि ते तुमच्या बोटांना घाबरत होते. "एकदा घरी बोलावणार आहे त्याला," तुम्ही म्हणालात. "बघू दे कसं ठेवलंय घर." उसाच्या रसाचा ग्लास तुमच्या हातात तसाच राहिला होता. मला तुमच्यासाठी रडू आलं होतं, हे मी नाकारत नाही. पण तो अपमान तुमचा होता. तो पुसायला तुम्ही मायचा ओटा का घेतलात?

माय मामाच्या मुलीच्या लग्नाला अमळनेरला गेली असताना सुतार येऊन गेले. ती परतली तेव्हा तुम्ही तिला हाताला धरून आत नेलंत. तुम्ही मायचा हात धरलेला मी तेवढाच एकदा पाहिला. लांबलचक चकचकीत ओटा, खाली कपाटं, वर कपाटं.  मायने त्यावर तळवा ठेवला, बोटांच्या पेरांनी वाजवलं, आणि तुमचा नवा कायदा विसरून विचारलं, "हाऊ दगड शे का?" तुम्ही म्हणालात, "दगडापेक्षा भारी आहे." आणि लगेच नियम सांगायला लागलात. गरम भांडं ठेवायचं नाही. सुरी चालवायची नाही. कडेला पाणी साचू द्यायचं नाही. हळद सांडली तर तेव्हाच्या तेव्हा पुसायची. माय ऐकत होती. "मंग तवा कोठे ठेवू?" तिने विचारलं. तुम्ही म्हणालात, त्याचाच विचार केलाय, आता डबे बंद. धूर, तेल, ती येणारी जाणारी माणसं, काही नको. मास्तरची बायको डबे करते हे शोभत नाही.

मायने डबे बंद केले नाहीत. भांडलीही नाही. तिने शेगडी उचलली आणि मागच्या मोकळ्या जागेत, मोरीच्या शेजारी, पत्र्याखाली नेऊन मांडली. पुन्हा जमिनीवर. पूर्वी निदान डोक्यावर स्लॅब होता, पंखा होता. आता वैशाखात वरून पत्रा तापायचा आणि समोरून शेगडी. आत तुमचा ओटा आरशासारखा. त्यावर दिवसातून दोनदा चहा व्हायचा आणि माय तो तीनदा पुसायची. ज्या बाईचे गुडघे वाचवायला ओटा हवा होता, ती त्या ओट्याची मोलकरीण झाली, आणि तुम्ही रोज कामावरून आल्यावर त्यावरून बोट फिरवून बघायचात. मी बघायचे तुमचं ते बोट. 

मॅनेजरसाहेब पुढच्या दिवाळीनंतर आले, बायकोला घेऊन. तुम्ही नवीन कप आणले होते. मायला सकाळीच शेगडी आवरायला लावली होती, मागचं दार बंद करून घेतलं होतं. साहेब बाहेर खुर्चीत बसले, आणि त्यांची बायको सरळ आत आली. बाई मनाने वाईट नव्हत्या. सगळीकडे नजर फिरवून म्हणाल्या, "वाह! ग्रॅनाइट छे?" तुम्ही दारात उभे होतात. तुम्ही म्हणालात, "हा बेन, असल ग्रॅनाइट." मी बिस्किटं मांडत होते, माझा हात थांबला. मायने खाली बघितलं.

गॅसवर दुधाचं पातेलं होतं. माय कपाटातून साखर काढत होती, तेवढ्यात दूध उतू जायला लागलं. बाईंनी पटकन सांडशीने पातेलं उचललं आणि बाजूला ओट्यावर टेकवलं. त्यांचं काय चुकलं? असल ग्रॅनाइट होता ना. आणि मायने, नाना, मायने ते पातेलं उघड्या हातांनी उचललं. दोन्ही हातांनी, काठाला धरून, उकळतं दूध आतमध्ये. ते तिने खाली फरशीवर ठेवेपर्यंत बोटांवरून दूध ओघळत होतं. बाई घाबरून म्हणाल्या, "अरे बेन, आ तो पथ्थर छे, एने कंई न थाय!" हा तर दगड आहे, याला काही होत नाही.  माय एका वाक्यात सांगू शकली असती की हा दगड नाही, आणि तुम्ही तिथेच उघडे पडला असतात. तिने बोटं मिटून पदरात घेतली. आणि तुम्ही काय म्हणालात? तुम्ही हसलात, आणि म्हणालात, "गामडानी छे बेन, एने शी खबर." गावंढळ आहे, तिला काय कळतं.

मी बाहेर चहा नेऊन दिला. साहेबांनी माझ्या हातून कप घेतला, खारी खाल्ली, घराची तारीफ केली. तुमचं काम झालं. ते गेल्यावर तुम्ही आत आलात. मला वाटलं आता तिचे हात बघाल. तुम्ही ओट्यावर वाकलात. पातेल्याचा गोल पुसटसा उठला होता, त्यावर तुम्ही नख फिरवलंत, आणि मग मायकडे वळून म्हणालात, "पाहुण्याच्या डोळ्यांसमोर भांडं हिसकावतेस? काय म्हणतील ते?" तिची बोटं तोवर टम्म फुगली होती. मी किंचाळले, "नाना, तिचे हात बघा!" तेव्हा बघितलेत. तुमचा चेहरा उतरला, तुम्ही डॉक्टरकडे न्यायला स्कूटर काढलीत, हे सगळं मला आठवतं आणि मी ते तुमच्या बाजूला मांडते. पण आधी ओटा बघितलात. तो क्रम मला आजपर्यंत बदलता आलेला नाही.

पट्टी बांधलेल्या हातांनी भाकरी थापता येईना. डबेवाल्यांपैकी शिरपूरचा एक थोराड गडी आला, म्हणाला, वहिनी, तुम्ही नुसतं सांगा, आम्ही थापतो. वेड्यावाकड्या भाकऱ्या, काही करपलेल्या, पण सगळे जेवले. आणि एका रविवारी माय त्यातल्या चौघांना घेऊन नवसारी रोडच्या दगडवाल्याकडे गेली. मला म्हणाली, चाल. तिथे ती उन्हात उभ्या केलेल्या लाद्यांमधून फिरली, बांधलेला एक हात मागे धरून, दुसऱ्या हाताच्या कोपराने एकेका दगडाला टेकत. काळा कडप्पा घेतला, चांगला रुंद, तिच्या डब्याच्या पैशातून. गड्यांनी तो हातलारीवर आडवा टाकून उधन्यापर्यंत ढकलत आणला. माय लारीच्या मागे चालत होती, एखाद्या वरातीत चालावं तशी ताठ. मागच्या जागेत विटांचे दोन खांब घातले. तिने पोटापाशी हात धरून सांगितलं, इतका उंच. तिच्या पोटापाशी. तुमच्या आतल्या ओट्यापाशी तिला चवड्यांवर उभं राहावं लागायचं, हे तुम्हाला माहीत तरी होतं का?

दगड बसत असताना तुम्ही आलात. गड्यांनी दगड तसाच धरून ठेवला. तुम्ही बघितलंत आणि फक्त एवढं म्हणालात, "जरा भिंतीकडे घ्या, म्हणजे रस्त्यावरून दिसणार नाही." मायने तुमच्याकडे बघितलंही नाही. "दिसू द्या," ती म्हणाली. दगड तिथेच बसला. त्यानंतर घरात तुमच्यासमोर ती पुन्हा अहिराणी बोलायला लागली, आणि तुम्ही काही म्हणाला नाहीत.

नंतरच्या पावसाळ्यात तुमच्या ओट्याची कड फुगली. मायका उचलला गेला, खालून लाकडाचा भुसा दिसायला लागला, आणि तुम्ही त्यावर मेणकापड घातलंत. तोवर तुम्ही मागेच जेवायला लागला होतात. कामावरून आलात की हात धुवून कडप्प्यापाशी उभे राहायचात, माय तव्यावरची भाकरी थेट दगडावर टाकायची, तुम्ही मिरचीच्या ठेच्याबरोबर उभ्या उभ्या खायचात. तीन-चार वर्षं तशीच खाल्लीत. चांगला दगड आहे, एवढे तीन शब्द तुमच्या तोंडून कधी निघाले नाहीत. ते शतक संपायच्या आत तुम्ही कारखान्यातच, रंगाच्या पातेल्यांपाशी खाली बसलात ते उठला नाहीत. मॅनेजरसाहेब आले होते. तुम्हाला खांदा दिला त्यांनी. आणि माय, तुमच्या मागे घर विकेपर्यंत, तो फुगलेला ओटा रोज पुसत राहिली. मी एकदा म्हणाले, काढून टाकू या. तिने ऐकलं नाही.

म्हणून काल मी तिला दुकानात घेऊन गेले. तिला विचारायचं, तिनेच ठरवायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. मला वाटलं ती कडप्पा मागेल, आणि मी साऱ्या दुकानाला सांगून कडप्पा घेईन. ती हळूहळू चालत एका लादीपाशी थांबली. दगड नव्हता तो, दगडासारखी भाजलेली मोठी फरशी होती, करडी, त्यात पांढऱ्या शिरा. तिने त्यावर हात ठेवला. ती बोटं अजून पूर्ण सरळ होत नाहीत. त्या विक्रेत्याला तिने विचारलं, "हेनावर गरम तवा ठेवता येस का?" मी हिंदीत सांगितलं. तो म्हणाला, येतो. सुरी? चालते. हळद? पुसली जाते. "मंग बरा शे," माय म्हणाली. आणि मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, "तुना नानासले आवडता हाऊ."

तुम्हाला आवडला असता! एवढं झाल्यावर. माझ्या डोक्यात आग गेली आणि नेमक्या त्याच वेळी तो पोरगा म्हणाला, सर आएंगे तब. पुढचं तुम्हाला सांगितलंच.

तीच लादी घेतोय. मायची पसंती आहे. तिने तुम्हाला कधी माफ केलं, की मनात धरलंच नव्हतं, ते ती सांगत नाही. विचारलं की म्हणते, "माले काही व्हयनं नही." मला काही झालं नाही. मी माफ केलेलं नाही, नाना, आणि करेन असं दिसत नाही. हे कागद मी सकाळी फाडून टाकणार आहे. माय जोडून जोडून वाचते, तिच्या हाती लागायला नकोत. त्या दोन हातांबद्दल वाचलं तर ती एवढंच म्हणेल की पोरी, कशाला उगाळतेस. ते मी ऐकून घेईन. पण आणखी एक गोष्ट आहे, जी मी तिलाही सांगितलेली नाही आणि तुम्हालाही कधी सांगितली नाही. माय मागे पत्र्याखाली असायची तेव्हा बारावीचा सगळा अभ्यास मी आत स्टूल ओढून तुमच्या त्या ओट्यावर केला. आपल्या घरात तेवढी देखणी दुसरी वस्तू नव्हती. मला तो फार आवडायचा.